पदराखालचे हात

विमलताईला राग आला की आधी भांड्यांना कळतं. खिचडीचं पातेलं ओट्यावर आदळलं की अंगणवाडीची सेविका सुखीबाई मोबाइलमधून डोकं न काढता विचारते, "आज कोनावर व?" विमलताई म्हणते, "कोनावर नाई." पण ते "कोनावर नाई" ती असं काही दातांखाली धरून म्हणते, की दारात निजलेलं कुत्रंसुद्धा उठून जागा बदलतं.

फुलसावंगीच्या रस्त्याला लागून असलेल्या या गावात विमलताई चौदा वर्षं अंगणवाडीची मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, नाकं पुसायची. शिकवायचं काम सुखीबाईचं. पण तिचा निम्मा दिवस सरकारी ॲपात मुलांची वजनं भरण्यात जातो आणि उरलेला निम्मा नेटची वाट पाहण्यात. "थांब व माय, फिरून राह्यलं, अजून फिरूनच राह्यलं," असं म्हणत ती हात खिडकीबाहेर काढून उभी असते. जणू नेट बाहेरच्या निंबावर बसलेलं आहे आणि दाणे दाखवले की हातावर येईल.

कागदोपत्री अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात. पण कापूस फुटला की बाया थोरल्याच्या बोटाला धाकटं लावून देतात. "ताई, तेवढं याच्याकडं पाहाल," म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता वावराच्या वाटेला लागतात. अशी दीड-दोन वर्षांची सात-आठ लेकरं. रजिस्टरात नाव नाही, तोंडात शब्द नाही, आणि रडायला लागली की आठही मिळून एकाच सुरात. ही सगळी विमलताईच्या वाट्याला.

चार वर्षांपूर्वी त्यात बंटी नावाचं एक पोरगं होतं. एका दुपारी ते जे रडायला लागलं ते थांबेचना. विमलताईने पाणी दिलं, त्याने ढकललं. खिचडी दिली, त्याने थुंकून टाकली. कडेवर घेतलं तर पाठीची कमान करून आणखी मोठ्याने. अर्धा तास. "काय पायजे तुले? काय पायजे? सांग ना बाप्पा तोंडानं," असं विचारता विचारता तिचा तोल गेला आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग चड्डी बदलायला म्हणून उतरवली, तर नाडीच्या आत गोखरूचा काटा रुतलेला. कातडी लाल झालेली. काटा निघाल्याबरोबर बंटी गप्प झाला आणि तिच्याच खांद्यावर मान टाकून झोपला.

त्या दिवशी पातेलं फार जोरात आदळलं. सुखीबाईने विचारलं, "कोनावर?" विमलताई म्हणाली, "माह्यावर."

खुणांचं सगळं तिथून सुरू झालं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. अंगणवाडीत लागण्याआधी तिची निम्मी उमर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, पुंडलिकरावांच्या, वावरात कापूस वेचण्यात गेली होती. वेचणीला बाया तोंडाला रुमाल बांधतात, एकेक बाई दूरदूरच्या ओळीत, आणि वारा असला की हाक शेजारच्या ओळीतही पोचत नाही. मग हातच बोलतात. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी आण. दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून आपटली की आणखी एक पोतं दे. हात सापासारखा हलवला की जिथं आहेस तिथं उभी राह्य. आणि दिवस कलला की पुंडलिकराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन उभे राहत आणि दोन्ही तळवे एकमेकांवरून झटकत. संपलं, चला घरी. त्या एका खुणेकडे सगळ्या बायांचे डोळे दुपारपासून लागलेले असत.

विमलताईने यातल्या तीन खुणा उचलल्या. पाणी, आणखी, संपलं. दुखण्याची एक तिने स्वतः काढली: दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांवर टेकवायची, जिथं दुखतं तिथं नेऊन. पाचवी, चड्डी ओढण्याची, लेकरांनीच तिला शिकवली. खूण करताना ती शब्दही म्हणायची, "पानी. पानी पायजे?" महिनाभर लेकरं नुसती बघत बसली. मग एके दिवशी एका पोरीने ओंजळ तोंडाशी नेली, पाणी प्यायली, आणि रडलीच नाही. पाठोपाठ दुसरं. दिवाळीपर्यंत अंगणवाडीत एवढी शांतता झाली की सुखीबाई म्हणाली, "विमल, यायले काही पाजलं तं नाई ना व तू?"

ही चार वर्षं बरी गेली. भांडीही कमी पोचली. आणि मग पुंडलिकरावांची नात बोलेना.

नात म्हणजे अर्पिता. वीस महिन्यांची, कुरळ्या केसांची. तिची आई सलोनी वेचणीच्या बायांवर नजर ठेवायला वावरात जायची, बाप राजदीप सकाळच्या बसने उमरखेडला आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानात. म्हणून अर्पिता विमलताईकडे. आणि पोरगी हुशार. पाचही खुणा तिने पंधरा दिवसांत उचलल्या.

पुंडलिकरावांच्या भाच्याचं साक्षगंध, साखरपुडा, होतं. कळंबहून पाहुणे आलेले. पंगतीत सगळी लहान पोरं जिलबीसाठी गळे काढत होती. अर्पिताने एकच केलं: वाढप्याकडे बघून बोटांना बोटं लावली. वाढपी पुढे गेला, त्याला काय कळणार. तिने पुन्हा लावली. तेव्हा कळंबची एक जाडजूड बाई, जिचा आवाज मांडवाच्या चारही खांबांना ऐकू जातो, म्हणाली, "काय व माय, पुंडलिकरावाची नात मुकी हाय का?"

पुंडलिकराव प्रत्येक वाक्याच्या आधी "मी काय म्हणतो" म्हणतात. आधी घसा साफ, मग "मी काय म्हणतो", मग दोन सेकंद थांबणं, कुणी दुसरं बोलू नये म्हणून. त्या पंगतीत ते नुसता घसाच साफ करत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू. पोपटाने चोचीने उष्टावलेला पेरू खाल्ला की लेकरू लवकर बोलतं, म्हणतात. पुंडलिकरावांनी सालगड्याला तीन दिवस पेरूच्या झाडाखाली बसवला. वावरात बाया कमी पडत होत्या, आणि हा गडी झाडाकडे तोंड करून पोपटाची वाट बघत बसलेला. तिसऱ्या दिवशी पेरू मिळाला. सगळं घर भोवती जमलं. अर्पिताने पेरू खाल्ला. आजोबा पुढे वाकले, "बोल बेटा, बोल, आबा म्हन." अर्पिताने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बोटांना बोटं लावली. आणखी.

तसेच ते चपला घालून अंगणवाडीत आले. त्या दिवशी तालुक्याच्या पर्यवेक्षिका पद्मजा मॅडम भेटीला आलेल्या, चार आयाही बसलेल्या. पुंडलिकराव पालक समितीचे अध्यक्ष, त्यांना खुर्ची मिळाली.

"मी काय म्हणतो, विमलताई, हे हातवारे कायले शिकवून राह्यल्या तुमी?"

"त्याईले अजून बोलता येत नाई म्हून."

"मंग बोलाले शिकवा ना."

"ते बी शिकवतो. मी खूण करतो तवा तोंडानं बी बोलतो. तुमची नात रांगली का नाई, पुंडलिकराव?"

"रांगली. मंग?"

"रांगली म्हून लंगडी झाली का? चालूनच राह्यली ना आता?"

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. तिथंच चुकलं. पुंडलिकरावांना उत्तर दिलेलं चालतं, हसलेलं चालत नाही. ते मॅडमकडे वळले. "मी काय म्हणतो मॅडम, हे शासनाचं हाय का? पोट्टे मुके करून सोडाचं असं शासनानं सांगतलं का?"

पद्मजा मॅडम शहरातल्या, आणि कुणालाच नाराज न करणाऱ्या. "तसं बघायला गेलं तर," त्या म्हणाल्या, "परिपत्रकात हातवाऱ्यांचा उल्लेख नाहीये. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. अभिनयगीतं आहेत."

"मंग हे काय हाय?" विमलताईने विचारलं.

"हे गीत नाहीये ना, ताई."

"चाल लावू का?"

"विमल," सुखीबाई पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "गप व."

अर्ध्या तासात कागद झाला. मॅडमने सांगितलं, विमलताईने लिहिलं: मी यापुढे अंगणवाडीत बालकांशी हातवारे करणार नाही, केल्यास मला कामावरून कमी करण्यास माझी हरकत राहणार नाही. "माझी हरकत राहणार नाही" लिहिताना तिने पेन एवढं दाबलं की खालच्या तीन पानांवर उमटलं. कागद पुंडलिकरावांनी घडी करून खिशात घातला. जाताना म्हणाले, "मी काय म्हणतो, राग नका मानू."

विमलताई ओट्याकडे गेली. पण त्या दिवशी भांडी वाजली नाहीत. सुखीबाई म्हणते, तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून विमलताई हात पदराखाली धरून बसायला लागली. खिचडी वाढली की हात आत. लेकरं ओंजळी तोंडाशी नेत, ती दुसरीकडे बघून म्हणायची, "पानी म्हन. पा-नी." लेकरं पुन्हा ओंजळ करत, जरा वर, जरा जवळ आणून, हिला दिसलं नसेल म्हणून. एकाने तर उठून तिच्या डोळ्यांसमोर हात नेला. ती उठली आणि मोरीत जाऊन तोंड धुवून आली. चौथ्या दिवशी लेकरांनी नाद सोडला आणि पुन्हा रडायला सुरुवात केली. तोच चार वर्षांपूर्वीचा आठ जणांचा सूर.

"तुले सांगतो सुखी," ती भांडी घासता घासता म्हणाली, "त्या मानसाले त्या धुऱ्यावरून कोनी खाली ओढलं पायजे. त्यानं हात झटकले का आमी पन्नास बाया घरी जात होतो. तवा नाई कोनी मुकं झालं."

"हळू बोल. सून येऊन राह्यली त्याची."

सलोनी दोन दिवस घरीच ठेवलेल्या अर्पिताला घेऊन आली होती. पोरगी रडून रडून बसक्या आवाजाची झालेली. "दोन दिसांपासून अशीच करते ताई," सलोनी म्हणाली. "काही खात नाई. मामंजी म्हणतेत दात येऊन राह्यले. काल मीठ-मिरची बी उतरवली." तिने पोरीला खाली ठेवलं.

अर्पिताने विमलताईकडे पाहिलं. दोन्ही हातांची पहिली बोटं वर आली, एकमेकांवर टेकली, एकदा, दोनदा, आणि उजव्या कानापाशी जाऊन थांबली.

आणि तेवढ्यात सलोनीने, सवय झाल्यासारखं, तिचे दोन्ही हात धरून खाली केले.

"सोड तिले," विमलताई म्हणाली.

"मामंजीनं सांगतलं ताई, हात उचलले का धरून ठेव म्हून. तवाच तोंड उघडन म्हने."

"दोन दिसांपासून धरून राह्यली तू?"

सलोनीने पोरीचे हात सोडले.

विमलताईने पदराखालून हात काढले. कागद तिला आठवला नाही असं नाही. तो तिला शब्दन् शब्द पाठ होता. ती पोरीसमोर बसली, बोटांवर बोटं टेकवली आणि म्हणाली, "दुखते? कुठी दुखते, बाई?" अर्पिताचं रडणं जरासं थांबलं. पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला उत्तर दिलं होतं. तिने पुन्हा कान दाखवला.

"सुखी, मोबाइल आन. लाइट लाव."

"वजनं चढून राह्यली व, ॲप बंद होईन."

"होऊ दे बंद."

कानाच्या आत काहीतरी पिवळसर होतं. फुगलेलं, गच्च बसलेलं, ओलसर चमकणारं. विमलताईने एकदाच पाहिलं. मग पोरीला कडेवर घेतलं आणि निघाली. मागून सलोनी पळत.

पुंडलिकरावांच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. मधोमध खुर्ची टाकून ते स्वतः कोंबड्या हाकत बसलेले. विमलताई सोयाबीन तुडवतच आत गेली.

"मी काय म्हणतो—"

"तुमी काही म्हनू नका. पोरीच्या कानात सोयाबीनचा दाना हाय."

"दाना? नाई, नाई. कान जरा वाहून राह्यला वाटला, म्हून मीच काल कोमट पानी सोडलं दोन खेपा. साफ केला कान."

विमलताई खाली वाकली. मूठभर सोयाबीन उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. "पेरनीच्या आधी दरसाल गोनपाट ओलं करून त्याच्यात शंभर दाने ठेवता ना तुमी? उगवन पाहाले? काय होते दान्याचं रातभरात, सांगा. सांगा ना, आख्ख्या गावाले सांगता तुमी, अर्पिताच्या मायले बी सांगा."

पुंडलिकरावांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. सोयाबीन ओलं केलं की कसं होतं हे त्यांच्याहून चांगलं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतो" काही बाहेर आलं नाही.

"दोन दिस ती तुमाले दाखवून राह्यली होती. इथं दुखते, इथं दुखते. आन् तुमी तिचे हात धरले, वरून पानी टाकलं. एवढं तं आमी बी कोनाच्या लेकराले नाई केलं." मग बंटी आठवून ती एकदम थांबली. मूठ उघडली. दाणे खाली पडले. "गाडी काढा."

गाडी निघाली. विमलताईला कुणी बस म्हटलं नाही, ती बसली. उमरखेडपर्यंत अर्पिता तिच्या मांडीवर, कान तिच्या पोटाशी दाबून. राजदीप दुकानातून थेट दवाखान्यात आला. कानाच्या डॉक्टरांनी बारीक आकडी घालून दाणा काढला आणि कापसावर ठेवला. दुप्पट फुगलेला, साल फाटलेली. "पाणी टाकलं होतं का कोणी?" त्यांनी विचारलं. पुंडलिकराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"बरं झालं आज आणलंत. आत सूज आहे, पण पडदा शाबूत आहे. कान दुखतोय हे कळलं कसं पण? या वयाची मुलं नुसती रडतात."

सलोनीने सासऱ्यांकडे पाहिलं. मग दोन्ही बोटं टेकवून कानापाशी नेली. "तिनंच सांगतलं," ती म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुंडलिकराव हा माणूस तसा नाही. पुढच्या मंगळवारी लसीकरणाला सगळ्या आया जमल्या, पद्मजा मॅडम आल्या, आणि खुर्चीवरून पुंडलिकराव सांगायला लागले, "मी काय म्हणतो, दाना दिसल्याबरोबर मी म्हटलं गाडी काढा. एक मिनिट बी नाई लावला. लेकराच्या बाबतीत हयगय कामाची नाई. कानात दाना होता म्हूनच बोलत नव्हती ते. आता बोलते का नाई पाहा."

ओट्यावर पातेलं आदळलं. कुत्रं उठून गेलं.

"वीस महिन्यांचा होता का दाना?" विमलताई बाहेर आली. "पुंडलिकराव, माहा कागद द्या."

"जाऊ द्या ना ताई आता. झालं गेलं."

"काय गेलं? तुमचं काही गेलं नाई. कागद द्या."

"मी काय म्हणतो, तो फाइलीले लागला."

"तसं बघायला गेलं तर," पद्मजा मॅडम म्हणाल्या, "कार्यालयाकडे तसा कागद आलेला नाहीये."

कुणी हसलं नाही. सलोनी उठली. तिने पर्स उघडली, चार घड्यांचा कागद काढला आणि विमलताईच्या हातात दिला. "मामंजीच्या कोटात होता," ती म्हणाली. सासऱ्यांकडे तिने पाहिलं नाही. तिला वाटलं असेल, ताई आता पाठीवरून हात फिरवतील.

"तू बी धरले होते तिचे हात," विमलताई तिला म्हणाली. "मी विसरनार नाई ते. तू बी नको विसरू." सलोनीने मान हलवली.

विमलताईने कागदाचे चार तुकडे केले आणि खिचडीच्या खरकट्यात टाकले.

"मी काय म्हणतो," पुंडलिकराव खुर्चीतून अर्धे उठले, "समितीसमोर झालेला कागद असा—"

विमलताईने त्यांना बोलू दिलं नाही आणि स्वतःही बोलली नाही. ती त्यांच्यासमोर जशी ते धुऱ्यावर उभे राहत तशीच उभी राहिली, पाय फाकवून, मान ताठ. आणि दोन्ही तळवे एकमेकांवरून झटकले.

ती खूण त्यांना ओळखू आली. तीस वर्षं त्यांनीच केलेली होती. ते तसेच अर्धवट उठलेले राहिले.

पण लेकरांना ती वेगळ्या अर्थाने ओळखीची: खाऊन संपलं. अर्पिता सोडली तर बाकीच्यांना ताईंचे हात आठ दिवसांनी दिसले होते. सतरंजीवरच्या आठही जणांनी वाट्या खाली ठेवल्या आणि पुंडलिकरावांकडे तोंड करून तळवे झटकले. एकदा नाही, ती थांबेचनात. अर्पिता सगळ्यांत पुढे, कानात कापसाचा बोळा, आजोबांकडे बघून झटकतेय, झटकतेय.

पुंडलिकरावांनी चपला शोधल्या. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून बघितलं, काही बोलायचं असल्यासारखं. मग गेले.

"कोनावर होता व एवढा राग?" सुखीबाईने मोबाइल खिडकीबाहेर काढत विचारलं.

विमलताई उत्तर देणार होती. पण एका पोराने बोटांना बोटं लावली होती, आणि ती पातेलं घेऊन त्याच्याकडे वळली. "आनखी?" ती अजून रागातच म्हणाली. "घे. आनखी म्हन आन् घे."